कितवा महिना?

गोवर, कांजिण्या, गालगुंड ही पोरांची दुखणी. घरातल्या एकाला आली की बाकीच्यांनाही येऊन जाऊ देत, एकदाची सुटका होईल, असा आज्यांचा सरळ हिशोब असे. अंगावर फोड उठले की अंथरुणात कडुनिंबाचा पाला पसरायचा, घरात फोडणी-तळण बंद ठेवायचं, खपल्या पडल्या की आंघोळ घालायची. हिशोब फारसा चुकीचाही नव्हता, कारण एकदा येऊन गेलेला गोवर सहसा परत येत नाही. पण त्या घरात एक जण असा असायचा ज्याची गणती कुणी केली नव्हती. आजारी पोराचं नाक पुसणारी, रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसणारी आई पुन्हा पोटुशी असली, तर तिच्या पोटातलं बाळ.

वैद्यकशास्त्रानंही ही गणती १९४१ पर्यंत केली नव्हती. केली ती एका डोळ्यांच्या डॉक्टरनं, आणि तीही तपासायला आलेल्या आयांच्या सांगण्यावरून.

नॉर्मन मॅकॅलिस्टर ग्रेग सिडनीत प्रॅक्टिस करत. पहिल्या महायुद्धात लढून शौर्यपदक घेऊन आलेला माणूस, पुढे नेत्रतज्ज्ञ झालेला. १९४१ च्या सुरुवातीपासून त्यांच्याकडे तान्ही बाळं येऊ लागली, तीही मोतीबिंदू झालेली. जन्मजात मोतीबिंदू हा दुर्मीळ प्रकार. एखाद्या डॉक्टरला वर्षाकाठी एखाददुसरा दिसावा. इथं लागोपाठ येत होते. बाळं वजनानं कमी, अंगावर पिताना दमणारी, पुष्कळांच्या हृदयात दोष. घराण्यात कुणाला असला आजार नव्हता. ग्रेगनी इतर डॉक्टरांकडे चौकशी केली, तर त्यांच्याकडेही तशीच बाळं येत होती.

सांगतात की, बाहेरच्या खोलीत थांबलेल्या दोन आया आपसात बोलत होत्या. पोटुशी असताना आपल्याला जर्मन गोवर झाला होता, त्याचं तर हे काही नसेल ना, असं त्यांच्या बोलण्यात आलं आणि ते ग्रेगच्या कानावर पडलं. हा किस्सा तंतोतंत असाच घडला असेल किंवा नसेल. पण त्यानंतर ग्रेग प्रत्येक आईला दोन प्रश्न विचारू लागले एवढं निश्चित. जर्मन गोवर झाला होता का? आणि झाला असेल तर तेव्हा कितवा महिना होता?

जर्मन गोवर म्हणजेच रुबेला. हे नाव रूढ झालं त्यात भारताचाही वाटा आहे. हेन्री व्हील हा ब्रिटिश फौजेतला डॉक्टर. भारतातल्या मुलांच्या एका शाळेत आलेल्या साथीचं वर्णन त्यानं १८६६ मध्ये छापलं आणि त्यात आजारासाठी नवं नाव सुचवलं. जुनं जर्मन नाव त्याला उच्चारायला खडबडीत वाटत होतं. 'रुबेला' छोटं आणि कानाला गोड. आजारही तसाच बेताचा. थोडा ताप, मानेमागं सुजलेल्या गाठी, दोन-तीन दिवस पुरळ, की संपलं. पुष्कळांना तर तो होऊन गेलेला कळतही नाही. लंडनच्या १८८१ च्या वैद्यकीय परिषदेनं त्याला वेगळा आजार म्हणून मान्यता दिली आणि त्यानंतर साठ वर्षं कुणी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. देवी आणि गोवर माणसं मारत असताना रुबेलाकडे कोण पाहणार?

शिवाय तेव्हाच्या डॉक्टरांची समजूत अशी की वार ही भिंत आहे. आईचं दुखणं त्या भिंतीपलीकडे सहसा जात नाही; बाळात व्यंग असेल तर ते रक्तातून, घराण्यातून आलेलं. आपल्याकडे याच जागी ग्रहण उभं असायचं. ग्रहणात बाईनं विळी चालवली म्हणून बाळाचा ओठ फाटला, असं सांगणाऱ्या बायका माझ्या लहानपणी वाड्यात होत्या. शास्त्राची समजूत आणि वाड्यातली समजूत यांत अंतर पुष्कळ असलं, तरी बोट दोन्हीकडून आईकडेच रोखलेलं असे, कधी तिच्या कुळाकडे, कधी तिच्या हाताकडे.

ऑस्ट्रेलियात १९४० साली रुबेलाची मोठी साथ येऊन गेली होती. युद्ध सुरू होतं. खेड्यापाड्यांतून आलेले तरुण लष्करी छावण्यांत दाटीवाटीनं राहत होते आणि सुट्टीवर घरी जाताना साथही बरोबर नेत होते. लहानपणी रुबेला न झालेल्या तरुण बायकांची संख्या मोठी होती. ग्रेगनी बाळांच्या जन्मतारखांवरून मागं मोजत जाऊन पाहिलं, तर साथ सर्वांत जोरात होती तेव्हा या आयांचे पहिले काही महिने चालले होते.

१५ ऑक्टोबर १९४१ रोजी मेलबर्नमध्ये नेत्रतज्ज्ञांच्या सभेत ग्रेगनी आपला निबंध वाचला. सहकाऱ्यांची बाळं धरून एकूण ७८ बाळं. त्यांतल्या ६८ जणांच्या आयांनी गरोदरपणात रुबेला झाल्याचं सांगितलं होतं, आणि बहुतेकींचं उत्तर 'सुरुवातीलाच' असं होतं. कित्येकींना दिवस गेल्याचं कळलंही नव्हतं तेव्हा अंगावर पुरळ येऊन गेलं होतं. अर्ध्याहून अधिक बाळांच्या हृदयात दोष होता.

प्रयोगशाळा नाही, विषाणू कुणी पाहिलेला नाही, रक्ताची चाचणी नाही. पुरावा एकच, आयांची आठवण. पुढं जे घडलं ते याच कारणानं घडलं. ॲडलेडमधले डॉक्टर चार्ल्स स्वान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये ग्रेगच्या म्हणण्याला दुजोरा दिला आणि यादीत बहिरेपणाचीही भर घातली. पण १९४४ मध्ये लंडनच्या 'लॅन्सेट'नं संपादकीय लिहून हे सिद्ध झालेलं नाही असं ठरवलं. आक्षेपात तथ्य होतं. व्यंग असलेलं बाळ आधी हाती आलं आणि मग आईला मागचं विचारलं, तर ती काहीतरी आठवणारच. रुबेला होऊनही ज्यांची बाळं ठणठणीत जन्मली त्या आया नेत्रतज्ज्ञाकडे येणारच नाहीत, त्यामुळे धोका फुगून दिसणार. तो फुगला होताही. पुढच्या अभ्यासांत धोक्याचे आकडे ग्रेगच्या आकड्यांवरून वाटत होते त्याहून खाली आले. तरीही त्या शंकेत थोडी तुच्छता होती असं मला वाटतं. बाईला आपला महिना कळतो. कुठल्या सणाला ओकाऱ्या लागल्या, कुठल्या लग्नाला जाता आलं नाही, यावरून ती महिना सांगते आणि ते सांगणं बहुधा बरोबर निघतं.

ते बरोबर होतं हे दाखवलं जनगणनेनं. या सगळ्या हकिगतीतला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. ऑलिव्हर लँकेस्टर हे संख्याशास्त्रज्ञ. ऑस्ट्रेलियाच्या जनगणनेत कर्णबधिरांची वयानुसार मोजदाद होत असे. १९११ च्या जनगणनेत दहा ते चौदा वर्षांच्या गटात कर्णबधिरांची संख्या अचानक फुगलेली दिसत होती. हा प्रकार कुणाच्या लक्षात आला नव्हता असं नाही, पण या वयात मुलं शाळेत असतात म्हणून त्यांची नोंद नीट होते, असा अर्थ लावून तो सोडून दिला गेला होता. १९२१ च्या जनगणनेत तोच फुगवटा वीस ते चोवीसच्या गटात दिसला. म्हणजे नोंदणीचा प्रश्नच नव्हता. ती माणसं तीच होती, दहा वर्षांनी मोठी झालेली. मागं मोजत गेलं की बहुतेकांचा जन्म १८९९ च्या आसपास येत होता, आणि त्या सुमारास ऑस्ट्रेलियात रुबेलाची साथ होती. लँकेस्टरनी १९५१ मध्ये हे सारं मांडलं. त्या मुलांच्या आयांना कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर चाळीस वर्षं आधी मिळालं असतं.

ग्रेगना १९५३ मध्ये 'सर' किताब मिळाला. आणखी आठ वर्षांनी, १९६१ मध्ये, गरोदरपणात घेतल्यास बाळात व्यंग आणणाऱ्या थॅलिडोमाइड या गोळीबद्दलचं विल्यम मॅकब्राइड यांचं पत्र 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, तेही सिडनीहूनच. वार ही भिंत असल्याच्या समजुतीला त्यानंतर आधार उरला नाही.

विषाणू हाती लागला १९६२ मध्ये, अमेरिकेत, एकाच वेळी दोन ठिकाणी. वॉशिंग्टनच्या लष्करी संशोधन संस्थेत पॉल पार्कमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नव्यानं भरती झालेल्या आजारी सैनिकांकडून मिळवला. हार्वर्डला थॉमस वेलर आणि फ्रँकलिन नेव्हा यांनी मिळवला, त्यात वेलर यांच्या स्वतःच्या दहा वर्षांच्या मुलाचा हातभार होता. मुलाला रुबेला झाला आणि बापानं त्याची लघवी प्रयोगशाळेत नेली. हे वेलर म्हणजे पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्याबद्दल १९५४ चं नोबेल मिळालेले. गंमत अशी की १९४८ मध्ये त्यांचा मूळ प्रयोग कांजिण्यांवर चालला होता. काही नळ्या उरल्या म्हणून त्यांत पोलिओचा विषाणू घालून पाहिला, आणि तो वाढला. कांजिण्यांचा विषाणूही त्यांनी काही वर्षांनी पकडला. पोरांच्या दुखण्यांच्या इतिहासात संशोधकांची स्वतःची पोरं अशी वारंवार भेटतात. मॉरिस हिलमन यांनी गालगुंडाच्या लशीसाठी विषाणू घेतला तो आपल्या मुलीच्या घशातून, १९६३ मध्ये.

विषाणू मिळून दोन वर्षं होतात न होतात तोच साथ आली. १९६४-६५ मध्ये अमेरिकेत सुमारे सव्वा कोटी लोकांना रुबेला झाला. अंदाजे वीस हजार बाळं व्यंग घेऊन जन्मली. त्यांतली अकरा हजारांवर कर्णबधिर, साडेतीन हजारांच्या आसपास अंध. दोन हजारांवर बाळं जन्मल्यावर लगेच दगावली. गर्भपात कायदेशीर नसलेल्या त्या देशात रुबेलाच्या धास्तीनं हजारो बायकांनी गर्भ पाडले, काहींनी डॉक्टरांच्या मदतीनं, काहींनी गुपचूप. या मुलांसाठी उभ्या राहिलेल्या कर्णबधिरांच्या शाळा पुढची वीस वर्षं भरलेल्या होत्या. तुकडी वरच्या वर्गात सरकली की शाळेतला खालचा वर्ग रिकामा पडे.

फिलाडेल्फियात स्टॅनली प्लॉटकिन यांच्याकडे या काळात रोज घाबरलेल्या बायका येत. विस्टार संस्थेत त्यांनी जी लस तयार केली तिचं नाव 'आरए २७/३'. त्यातलं 'ए' गर्भपाताचं आहे. रुबेलामुळे पाडलेला सत्ताविसावा गर्भ, त्याच्या ऊतींचा तिसरा तुकडा, असा त्या आकड्यांचा अर्थ. विषाणू वाढवला तोही लेनर्ड हेफ्लिक यांनी पाडलेल्या दुसऱ्या एका गर्भाच्या पेशींपासून तयार केलेल्या पेशींवर. या गोष्टीवरून पुढं धार्मिक आणि नैतिक वाद झाले आणि ते अजून मिटलेले नाहीत. ते व्हायलाच हवे होते. मात्र रुबेलानं धास्तावलेल्या त्या बायकांना मूल नको नव्हतं. बहुतेकींना ते हवंच होतं, आणि भीतीपोटी त्यांनी तो निर्णय घेतला, हे त्या वादात अनेकदा राहून जातं.

पहिली लस अमेरिकेत १९६९ मध्ये बाजारात आली. प्लॉटकिन यांची लस जास्त चांगली असूनही तिथं तिला परवाना मिळायला १९७९ उजाडलं. आणि इथं एक पेच उभा राहिला. टोचायचं कुणाला? धोका पोटुशीला, पण तिला गरोदरपणात ही लस देता येत नाही, कारण लशीत जिवंत विषाणू असतो. ब्रिटननं १९७० पासून अकरा ते चौदा वर्षांच्या शाळकरी मुलींना टोचायला सुरुवात केली. उद्याच्या आया सुरक्षित केल्या. अमेरिकेनं सगळ्याच लहान मुलांना टोचलं. त्यामागचा विचार आपल्या आज्यांच्या हिशोबाच्या अगदी उलटा होता. थोरल्यानं शाळेतून दुखणं घरी आणूच नये, म्हणजे आईच्या पोटातलं धाकटं वाचेल. सहा वर्षांच्या पोराला लस टोचायची ती त्याच्या अजून न जन्मलेल्या भावंडासाठी. ब्रिटनही १९८८ मध्ये याच वाटेवर आलं.

ही वाट अर्धवट चालली तर काय होतं ते ग्रीसनं दाखवलं. तिथं १९७५ च्या सुमारापासून लस मिळत होती, पण सगळ्यांपर्यंत पोहोचली नव्हती. लहान मुलांत साथी कमी झाल्या, त्यामुळे लस न मिळालेल्या मुली रुबेला न होताच मोठ्या झाल्या. १९९३ मध्ये साथ आली ती थेट तरुण वयाच्या लोकांत, आणि रुबेलाग्रस्त बाळांची तोवरची तिथली सर्वांत मोठी संख्या त्या वर्षी नोंदली गेली.

तोवर ग्रेगच्या दुसऱ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर मिळालेलं होतं. ब्रिटनमध्ये एलिझाबेथ मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, चाचणीत रुबेला सिद्ध झालेल्या हजारावर गरोदर बायकांचा माग ठेवला आणि १९८२ मध्ये निष्कर्ष छापले, ते त्याच 'लॅन्सेट'मध्ये. अकराव्या आठवड्याच्या आत बाळापर्यंत लागण पोहोचली, तर सगळ्याच बाळांत दोष. पुढं धोका झपाट्यानं उतरत जातो आणि सोळाव्या आठवड्यानंतर त्यांना व्यंग असलेलं एकही बाळ सापडलं नाही. शेवटच्या महिन्यांत विषाणू बाळापर्यंत पोहोचतच नाही असं मात्र नाही. उलट अखेरीअखेरीला तो पुन्हा मोठ्या प्रमाणात पोहोचतो. पण तोवर डोळे, कान, हृदय घडून झालेलं असतं. विषाणूला बिघडवायला कच्चं काम शिल्लक नसतं. आठव्या महिन्यात रुबेला झालेल्या बाईला डॉक्टर धीर देऊ शकतो तो यामुळे.

कांजिण्यांचा हिशोब याच्या उलट चालतो, आणि तो समजायला डॉक्टरांना आणखी वेळ लागला.

कांजिण्या आणि देवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे विल्यम हेबरडन यांनी १७६७ मध्येच दाखवलं होतं. कांजिण्या आणि नागीण मात्र एकच आहेत, हे ओळखायला सव्वाशे वर्षं गेली. बुडापेस्टच्या यानोश बोकाई यांना १८८८ च्या सुमारास दिसलं की नागीण झालेल्या माणसाच्या सहवासात आलेल्या मुलांना कांजिण्या येतात. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूत दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो ही आपल्याकडची धास्ती निराधार आहे, पण घरात पोटुशी असताना नागीणवाल्या आजोबांनी जरा लांब बसावं हे खरं.

कांजिण्यांमुळेही सुरुवातीच्या महिन्यांत बाळात व्यंग येऊ शकतं, हे १९४७ मध्ये अमेरिकेतल्या लाफोरे आणि लिंच या दोन डॉक्टरांनी नोंदवलं होतं. पण तो धोका लहान, शंभरात एक-दोन. मधल्या महिन्यांनंतर तो जवळजवळ संपतो. मग दिवस भरत येतात, आणि अगदी शेवटच्या आठवड्यात दार पुन्हा उघडतं.

ते कसं, हे समजून घेण्यासारखं आहे. बाळाला स्वतःची प्रतिकारशक्ती नसल्यात जमा. आई आपल्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून बाळाला देते, मुख्यतः शेवटच्या महिन्यांत. लेकरू घराबाहेर निघताना शिदोरी बांधून द्यावी तशी. आईला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या असतील तर शिदोरी तयारच असते, आणि आजूबाजूला कितीही कांजिण्या असल्या तरी बाळ तीवर काही महिने निभावतं. आईला कांजिण्या पहिल्यांदाच, तेही नवव्या महिन्यात आल्या तर? विषाणू तिच्या रक्तात आधी येतो आणि बाळाकडे जातो. प्रतिपिंडं तयार व्हायला अंगावर फोड उठल्यापासून पाचेक दिवस लागतात. या पाच दिवसांच्या आत बाळंतपण झालं तर बाळाबरोबर विषाणू येतो, शिदोरी येत नाही. बाळ दिसायला ठणठणीत जन्मतं. पाचव्या ते दहाव्या दिवशी त्याला फोड येतात, आणि मग फुप्फुसं, यकृत.

अमेरिकेतल्या मायर्स यांनी तोवर ठिकठिकाणी नोंदलेली अशी बाळं एकत्र करून १९७४ मध्ये हिशोब मांडला. ज्यांच्या आयांना बाळंतपणाआधी जेमतेम चार दिवसांत कांजिण्या आल्या होत्या, त्या बाळांपैकी सुमारे तीस टक्के दगावली होती. ज्यांच्या आयांना त्याआधी आल्या होत्या, त्यांतलं एकही नाही. बाळांची एकूण संख्या मोजकी होती, त्यामुळे तीस टक्क्यांचा आकडा घट्ट धरून बसण्यात अर्थ नाही. पण चार दिवसांनी पडणारा तो फरक डोळ्यांवर येणारा होता. पुस्तकांत आज ही मर्यादा 'बाळंतपणाआधी पाच दिवस ते नंतर दोन दिवस' अशी दिलेली असते. रुबेलात महिना विचारायचा होता, इथं तारीख विचारावी लागते.

उपायही याच विचारातून निघाला. आईनं शिदोरी दिली नाही तर ती दुसऱ्या कुणाकडून आणायची. फिलिप ब्रुनेल यांनी १९६९ मध्ये दाखवलं की नुकतीच नागीण होऊन बऱ्या झालेल्या माणसांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिपिंडं, कांजिण्यांच्या संपर्कात आलेल्या मुलांना वेळेत टोचली तर आजार टळतो. मुलांच्या अंगावर कांजिण्या आणणारी नागीण आता त्यांना वाचवायलाही उपयोगी पडू लागली. पुढं हीच प्रतिपिंडं रक्तदात्यांच्या रक्तातून काढून अशा तान्ह्या बाळांना जन्मताच दिली जाऊ लागली. ब्रिटनमधल्या अनुभवातून कळलं की त्यामुळे फोड येणं नेहमी थांबत नाही, पण आजाराचा जोर कमी होतो. १९८० च्या दशकात ॲसायक्लोव्हिर हे औषध आलं आणि त्यामुळे मरणारी बाळं पुष्कळ वाचू लागली. ते विकसित करणाऱ्यांत असलेल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. आणखी एक उपाय तर औषधाशिवायचा आहे. बाईला शेवटच्या दिवसांत कांजिण्या उठल्या आणि लगेच बाळंतपण करण्याची दुसरी निकड नसेल, तर ठरवलेलं सिझेरियन किंवा कळांचं इंजेक्शन आठवडाभर पुढं ढकलायचं. तेवढ्यात शिदोरी बांधून होते. बाईला स्वतःला या दिवसांत कांजिण्यांनी होणारा न्यूमोनिया फार जड जातो, म्हणून तिच्याकडेही तितकंच लक्ष ठेवावं लागतं.

कांजिण्यांची लस जपानची. मिचियाकी ताकाहाशी ह्यूस्टनमध्ये संशोधन करत असताना, १९६४ मध्ये, त्यांच्या लहानग्या मुलाला शेजारच्या मुलीकडून कांजिण्या आल्या आणि त्याचा श्वास अडकू लागला. मूल वाचलं. ताकाहाशी जपानला परतले आणि दहा वर्षांनी, १९७४ मध्ये, त्यांनी जी लस जाहीर केली तिला 'ओका' हे नाव आहे. ज्या मुलाच्या फोडातून विषाणू घेतला त्याच्या घराण्याचं ते आडनाव. अमेरिकेत तिला परवाना मिळाला १९९५ मध्ये. हीसुद्धा जिवंत विषाणूची लस, म्हणून हीसुद्धा गरोदरपणात देत नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. थंड देशांत कांजिण्या बहुतेकांना दहा वर्षांच्या आत येऊन जातात. उष्ण प्रदेशांत तसं होत नाही. कांजिण्या न येताच विशीत पोचलेल्या मुली इथं जास्त असतात. त्यात आपली एक जुनी रीत. सातव्या महिन्यानंतर, डोहाळजेवण आटोपलं की लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येते. माहेर म्हणजे भाचरं आली, शेजारची पोरं आली, आणि थंडी सरताना ते उन्हाळ्यापर्यंत कांजिण्यांचा मोसम. सगळ्यांत विसाव्याची म्हणून जी जागा, तिथंच हा धोका जास्त. पण याच घरात तिची आईही असते. 'लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या का?' या डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर लेकीला क्वचितच ठाऊक असतं. आईला असतं. तिसरीत असताना, मामाच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात आल्या होत्या, हळद लागली तेव्हा खपल्या होत्या, असं ती सांगते. तेवढ्यावर निम्मी काळजी मिटते. न आठवलं तर रक्ताची चाचणी आहे.

रुबेलानं होणारं नुकसान भारतात फार उशिरा मोजलं गेलं. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयातल्या डॉक्टरांनी डोळ्यांचे दोष घेऊन येणाऱ्या तान्ह्या बाळांत रुबेलाच्या खुणा वर्षानुवर्षं शोधून दाखवल्या. ग्रेगप्रमाणेच इथंही ओरड पहिल्यांदा नेत्रतज्ज्ञांनी केली. सरकारी मोहीम फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू झाली. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत गोवा होतं. महाराष्ट्रात ती २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्या सगळ्या मुलामुलींना गोवर-रुबेलाची एकच टोचणी द्यायची होती, आणि राज्यात अशी तीन कोटींहून अधिक मुलं होती. वयाची मर्यादा एवढी वर का नेली, हे ग्रीसची हकिगत माहीत असणाऱ्यांना सांगावं लागलं नाही. अफवा उठल्या, काही पालकांनी त्या दिवशी मुलांना शाळेतच पाठवलं नाही, शिक्षकांना घरोघर जावं लागलं. लस पुण्यातच तयार झालेली होती, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये, आणि तिच्यातला रुबेलाचा भाग म्हणजे प्लॉटकिन यांची 'आरए २७/३'. त्याच २०१८ च्या अखेरीस ग्रेगचा ऑस्ट्रेलिया रुबेलामुक्त जाहीर झाला.

गोवर-रुबेलाची लस आता सरकारी लसीकरणात बाळाला दोनदा मिळते. कांजिण्यांची लस त्या यादीत नाही. ती खासगी डॉक्टरकडे विकत घ्यावी लागते, आणि लग्न ठरलेल्या मुलीला ती घ्यायला सांगणारं घर अजून विरळाच. पोटुशी लेक घरात असताना भाच्याच्या पाठीवर फोड दिसले, तर पोराला घेऊन बसायचं काम दुसऱ्या कुणीतरी करावं आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावं. प्रतिपिंडांचं इंजेक्शन लागलंच तर ते पहिल्या चार दिवसांत दिलेलं चांगलं.

२०१८ च्या त्या नोव्हेंबरात बाही वर करून शाळेच्या वऱ्हांड्यात रांगेत उभ्या असलेल्या नववीतल्या मुली आता विशी ओलांडून गेल्या आहेत. त्यांच्यातल्या पुष्कळजणींचं रुबेलाचं काम त्या एका टोचणीत झालेलं आहे. कांजिण्यांचं मात्र अजून त्यांच्या आयांनाच विचारावं लागतं.